ध्येय मोठे, हिशेब चोख

(वाघोली येथे झालेल्या विद्यार्थी मार्गदर्शन मेळाव्यातील भाषण)



दहावी-बारावीच्या गुणवंतांच्या सत्कारानिमित्त मंडळाने मला चार शब्द बोलण्याची संधी दिली, याबद्दल मी कार्यकर्त्यांचा आभारी आहे. मी प्राध्यापक नाही की मानसशास्त्राचा तज्ज्ञ नाही. कला शाखेची पदवी घेऊन बँकेत लिपिकाचे काम करणारा माणूस आहे. दिवसभर जमा-नावे करतो. म्हणून आजचा विषयही मी हिशेबाच्याच भाषेत मांडणार आहे. ज्यांचा सत्कार झाला त्यांचे मनःपूर्वक अभिनंदन. पण ज्यांना आज हार मिळाला नाही, जे मागच्या रांगेत मान खाली घालून बसले आहेत, त्यांच्याशी मला अधिक बोलायचे आहे.

तीन प्रश्न आहेत. मी आज नेमका कुठे आहे? इथून पुढे जाण्याची माझ्यात क्षमता आहे का? आणि जायचे कुठे, कोणत्या वाटेने? पहिल्याला आत्मभान म्हणतात, दुसऱ्याला वाढीची वृत्ती आणि तिसऱ्याला ध्येय. ही तिन्ही एकमेकांना धरून असतात. आत्मभानाशिवाय ध्येय ठरवले तर ते दिवास्वप्न होते. आणि आपण वाढूच शकत नाही असे मनाने घेतले, तर आत्मभानाचा न्यूनगंड होतो.

स्वतःचा जमाखर्च

विद्यार्थ्याला विचारले, ‘‘बाळा, अभ्यास कसा चाललाय?’’ तर उत्तर येते, ‘‘ठीक चाललाय.’’ ‘‘गणित कसे आहे?’’ ‘‘गणितात मी कच्चा आहे.’’ मित्रांनो, याला आत्मभान म्हणत नाहीत. हे स्वतःवर मारलेले एक लेबल झाले. ‘‘अपूर्णांकांचा गुणाकार मला जमतो, भागाकार करताना मात्र कोणता अपूर्णांक उलटा करायचा याचा गोंधळ होतो’’, असे सांगता आले की आत्मभान सुरू झाले. पहिल्या वाक्यावर काहीच उपाय करता येत नाही. दुसऱ्या वाक्यावर रविवारच्या एका दुपारी उपाय होऊ शकतो.

बँकेत रोज संध्याकाळी हिशेब जुळवावा लागतो. कोणी ‘‘साधारण जुळतोय’’ म्हणत नाही. रुपयाचा फरक असला तरी तो शोधावा लागतो. तुम्हीही एक आठवडा असे करून पाहा. एका साध्या वहीत रोज झोपण्यापूर्वी लिहा: आज प्रत्यक्ष अभ्यास किती वेळ झाला, मोबाईलवर किती वेळ गेला, घरकामाला किती वेळ लागला आणि आज कोणती गोष्ट नव्याने समजली. कोणाला दाखवायचे नाही. मात्र खरे लिहायचे. ‘‘मी पाच तास अभ्यास करतो’’ म्हणणाऱ्याला प्रत्यक्षात दोनच तास होतात असे दिसेल, तर ‘‘मी आळशी आहे’’ असे ऐकत आलेल्या एखाद्या मुलीला दिसेल की पाणी भरणे, धाकट्या भावंडांना सांभाळणे आणि स्वयंपाकात तिचे चार तास जातात. तिला आळशी म्हणणाऱ्या घरच्यांनीही ती वही वाचावी. आत्मपरीक्षणातून फक्त दोषच निघतात असे नाही. आपल्यावर लादलेले खोटे आरोपही त्यातून गळून पडतात.

आणखी एक. पासबुकातली शिल्लक ही त्या तारखेची शिल्लक असते. ती त्या माणसाची किंमत नसते. गुणपत्रिकेचेही तसेच आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९०७ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमधून मॅट्रिक झाले. त्यांना ७५० पैकी २८२ गुण होते. त्या काळचे गुण आणि आजचे गुण यांची तुलना करू नये हे खरे. त्या काळी आपल्या समाजातील मुलाने मॅट्रिक होणे हीच इतकी मोठी गोष्ट होती की त्यासाठी अभिनंदनाची सभा भरली. तरीही त्या गुणपत्रिकेवरून पुढच्या सोळा वर्षांत हा विद्यार्थी अमेरिका आणि इंग्लंडमध्ये अर्थशास्त्राच्या सर्वोच्च पदव्यांपर्यंत पोहोचेल, असे कोण सांगू शकले असते? त्या कागदावर १९०७ ची शिल्लक होती. पुढच्या जमेची पाने कोरीच होती.

माणूस घडतो कसा

बाबासाहेबांचे मोठेपण आपण जयंतीला सांगतो. पण ते विद्यार्थी म्हणून कसे घडले हे मुलांना पुरेसे सांगत नाही. ‘ते जन्मतःच प्रज्ञावंत होते’ एवढेच सांगितले की मूल मनात म्हणते, ‘‘ते बाबासाहेब होते, आपण कुठे?’’ म्हणजे प्रेरणा देता देता आपण मुलाच्या पायातले बळच काढून घेतो.

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत त्यांचे नाव इंग्रजी पहिलीत दाखल झाले. महाराष्ट्रात हा दिवस आता विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. साताऱ्याचा हा लहान भीमराव फार अभ्यासू नव्हता. बागकाम, शेळ्या यांत त्याचे मन रमे. चरित्रांत एक प्रसंग आहे. वडिलांवर अवलंबून राहायचे नाही, मुंबईला जाऊन गिरणीत काम करायचे, असे त्याने ठरवले. गाडीभाड्यासाठी आत्याच्या कमरेची पैशांची पिशवी काढण्याचा त्याने रात्री प्रयत्न केला. ती हाती आली तेव्हा तिच्यात अवघा अर्धा आणा निघाला. त्या लाजेतून त्याने बेत सोडला आणि जोमाने अभ्यास करून स्वतःच्या पायावर उभे राहायचे ठरवले. एका मुलाने आपल्या वागण्याकडे स्वतःच पाहिले आणि दिशा बदलली. आत्मभान म्हणजे काय, याचे याहून सोपे उदाहरण मला माहीत नाही.

पुढे हे कुटुंब मुंबईत परळच्या डबक चाळीत एका खोलीत राहू लागले. त्या खोलीत अभ्यासाला जागा नव्हती. सुभेदार रामजी रात्री दोनपर्यंत जागे राहत, मग मुलाला अभ्यासाला उठवीत आणि त्याच जागी स्वतः झोपत. पुस्तकांसाठी त्यांनी विवाहित मुलींकडून पैसे उसने आणले. शाळेत संस्कृत शिकण्याचा मार्ग बंद केला म्हणून त्या मुलाला फारसी घ्यावी लागली. पुढे त्यांनी संस्कृत स्वतः अभ्यासून आत्मसात केले. जे दार बंद होते ते मोठेपणी स्वतःच्या हाताने उघडले.

आणि आता लंडनचा प्रसंग, जो प्रत्येक नापास विद्यार्थ्याला सांगायला हवा. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ साली त्यांना लंडनचे शिक्षण अर्धवट सोडून परतावे लागले. त्यांनी सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली, पैसे साठवले, राजर्षी शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांचे कर्ज घेतले आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. ऑक्टोबर १९२२ मध्ये त्यांनी रुपयाच्या प्रश्नावरील आपला डी.एस्सी.चा प्रबंध सादर केला. मार्च १९२३ मध्ये तो मान्य झाला नाही, फेरलेखनासाठी परत आला. पैसे संपले होते. ते मुंबईला आले, इथे बसून प्रबंध पुन्हा लिहिला, ऑगस्टमध्ये पाठवला आणि नोव्हेंबर १९२३ मध्ये तो स्वीकारला गेला. ज्यांच्या नावाने आपण अभ्यासिका काढतो, त्यांचाही प्रबंध एकदा परत आला होता. परत आलेले काम त्यांनी पेटीत टाकले नाही. दुरुस्त करून पुन्हा पाठवले.

आपल्या परंपरेत चूळपन्थकाची गोष्ट आहे. पाली अट्ठकथांत ती येते. चूळपन्थक भिक्खूला चार महिन्यांत एक गाथा पाठ होईना. थोरला भाऊ महापन्थक त्याला म्हणाला, ‘‘तुझा इथे उपयोग नाही, विहार सोडून जा.’’ तो रडत निघाला असता बुद्धांनी त्याला थांबवले. पाठांतर बाजूला ठेवले आणि त्याच्या हाती एक स्वच्छ कापड देऊन ते चोळत बसायला सांगितले. चोळता चोळता कापड मळत गेले आणि त्या मळण्याकडे पाहून चूळपन्थकाला अनित्यता उमगली. विद्यार्थी तोच होता. शिकवण्याची रीत बदलली. आज आपण कितीतरी मुलांना महापन्थकासारखे ‘‘तुझ्याच्याने होणार नाही’’ म्हणून विहाराबाहेर काढतो.

परदेशातही या प्रश्नाचा अभ्यास झाला आहे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ कॅरोल ड्वेक यांनी दोन वृत्ती सांगितल्या. एक, बुद्धी ही जन्मतः ठरलेली आहे असे मानणारी. दुसरी, योग्य मेहनतीने आणि मार्गदर्शनाने ती वाढते असे मानणारी. १९९८ मध्ये त्यांनी आणि क्लॉडिया म्यूलर यांनी शाळकरी मुलांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. ‘‘तू हुशार आहेस’’ अशी शाबासकी मिळालेली मुले पुढे अवघड काम टाळू लागली आणि अपयश आल्यावर त्यांची कामगिरी घसरली. ‘‘तू मेहनत घेतलीस’’ अशी शाबासकी मिळालेली मुले अवघड कामाला भिडली. आई-वडिलांनी यातून घ्यावे असे की, ‘‘माझा मुलगा लई हुशार’’ हे चारचौघांत सांगण्याऐवजी ‘‘हे गणित तू तीनदा सोडवून पाहिलेस, हे बरे केलेस’’ असे घरी म्हणावे. आणि विद्यार्थ्यांनी ‘‘मला इंग्रजी येत नाही’’ या वाक्यात ‘अजून’ हा एक शब्द घालावा: ‘‘मला इंग्रजी अजून येत नाही.’’

पण मित्रांनो, हा ‘अजून’ म्हणजे मंत्र नाही. २०१९ मध्ये अमेरिकेतील नववीच्या सुमारे बारा हजार विद्यार्थ्यांवरील एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. एका तासाहूनही कमी वेळात मुलांना ही वाढीची कल्पना समजावली होती. मागे पडलेल्या मुलांच्या गुणांत सुधारणा झाली, परंतु ती थोडीच. आणि आजूबाजूची मुले अवघड गोष्टींना भिडणारी होती तिथे ती अधिक दिसली. म्हणजे बी चांगले असले तरी जमीन लागतेच. रामजी सुभेदार रात्री दोनला उठवणारे होते, सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती होती, बागेत वाचत बसणाऱ्या मुलाची विचारपूस करणारे केळुसकर गुरुजी होते. हे सारे वगळून मुलांना नुसते ‘‘जिद्द ठेवा’’ सांगणे म्हणजे खात्यात पैसे न भरता धनादेश लिहून देणे आहे.

आपल्या वाघोलीतच याचा दाखला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेने लातूर-उस्मानाबाद भागातील सुमारे १२०० मुलांना शिक्षणासाठी पुण्यात आणले, आणि वाघोली हे त्यांच्या शैक्षणिक पुनर्वसनाचे केंद्र झाले. पुढे मेळघाटातील आदिवासी मुले आणि आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबांतील मुलेही इथे शिकायला आली. घर गमावलेल्या मुलाला आधी छप्पर, जेवण, शाळा आणि जवळ बसणारे मोठे माणूस लागते. मग ध्येयाची गोष्ट. याच परिसरातील दगडखाणींत राबणाऱ्या कुटुंबांच्या मुलांसाठी ‘संतुलन’ संस्थेने खाणींजवळच पाषाण शाळा चालवल्या. मूल शाळेपर्यंत येत नव्हते, तेव्हा शाळा मुलापर्यंत गेली.

ध्येय कसे ठरवावे

आता तिसरा प्रश्न. ‘‘वास्तववादी व्हा’’ हा सल्ला आपल्या समाजाला नवा नाही. पिढ्यान्पिढ्या आपल्याला हेच ऐकवले गेले: अंथरूण पाहून पाय पसरा, तुम्हाला काय करायचे एवढे शिकून. आजही एखादी मुलगी म्हणाली की मला शास्त्रज्ञ व्हायचे आहे, तर कोणीतरी सांगतोच, ‘‘जमेल ते कर, डी.एड. कर.’’ म्हणून मी स्पष्ट सांगतो. वास्तव ध्येय म्हणजे लहान ध्येय, असे मुळीच नाही. ज्याच्या पायऱ्या आपल्याला माहीत आहेत, ज्याला लागणारा काळ आणि पैसा आपण मोजला आहे, ते वास्तव ध्येय. उंची कमी करू नका. पायऱ्या मोजा.

१८४८ साली पुण्याच्या भिडेवाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली, तेव्हा ते ध्येय कोणालाच वास्तव वाटत नव्हते. अवघ्या सात वर्षांनी, १८५५ मध्ये, त्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मातंग समाजातील मुलीचा निबंध ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. फुले दांपत्याने स्वप्न मोठे पाहिले. पण सुरुवात केली ती एका वाड्यातून, हाताशी असतील तेवढ्या मुलींपासून.

याउलटची बाजूही सांगितली पाहिजे, कारण ती आपल्या घराघरांत आहे. पुण्यात सदाशिव पेठेत, नारायण पेठेत स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी आपली शेकडो मुले खोली भाड्याने घेऊन, एक वेळच्या डब्यावर वर्षे काढतात. त्यांच्या जिद्दीला माझा सलाम. पण हिशेब पाहा. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या २०२३ च्या नागरी सेवा परीक्षेला १०,१६,८५० अर्ज आले. पूर्वपरीक्षेला प्रत्यक्ष बसले ५,९२,१४१. मुख्य परीक्षेस पात्र ठरले १४,६२४. मुलाखतीला पोहोचले २,८५५ आणि शेवटी निवड झाली १,०१६ जणांची. म्हणजे परीक्षेला बसलेल्या सुमारे ५८३ जणांत एक. हे आकडे मी भीती घालायला सांगत नाही. त्या १,०१६ मध्ये आपली मुले असतात आणि असायलाच हवीत. पण उरलेल्यांचे काय, हा प्रश्न तयारीच्या पहिल्याच दिवशी विचारायला हवा.

या परीक्षेत खुल्या प्रवर्गाला सहा संधी आहेत. अनुसूचित जातीच्या उमेदवारांना संधींची मर्यादा नाही, वयाची ३७ वर्षांपर्यंतची मर्यादा आहे. ही सवलत आपला हक्क आहे, शतकांच्या अन्यायाची ती भरपाई आहे. परंतु नियमाने मर्यादा घातली नाही म्हणून ती आपणच स्वतःला घालून घ्यावी लागते. नाहीतर विशीत सुरू झालेली तयारी पस्तिशीत संपते, तोवर आई-वडील थकलेले असतात आणि हाती दुसरे काही नसते. तेव्हा तयारी सुरू करतानाच तीन गोष्टी कागदावर लिहा. पूर्ण वेळ किती वर्षे देणार? कोणता टप्पा किती प्रयत्नांत पार झाला नाही तर वाट बदलणार? आणि त्या काळात दुसरे कोणते कौशल्य किंवा पदवी हातात ठेवणार? बँक, रेल्वे, राज्य सेवा, शिक्षकी, वकिली, आय.टी.आय.चा एखादा चांगला व्यवसाय, यांपैकी काहीही असो. वाट बदलणे म्हणजे हार नव्हे. बाबासाहेब १९१७ मध्ये परतले तेव्हा लंडनचे ध्येय त्यांनी सोडले नाही. मधल्या काळात नोकरी करून परत जाण्याचे पैसे जमवले. ध्येय तेच, वाटेत एक मुक्काम वाढला.

ध्येयाचे तीन भाग करा. दूरचे ध्येय, यंदाचे ध्येय आणि या आठवड्याचे काम. ‘‘मला डॉक्टर व्हायचे आहे’’ हे दूरचे. ‘‘अकरावीचे भौतिकशास्त्र दिवाळीपर्यंत पक्के करीन’’ हे यंदाचे. ‘‘रविवारपर्यंत गतीच्या समीकरणांची वीस उदाहरणे सोडवीन आणि जी चुकतील ती सरांना विचारीन’’ हे आठवड्याचे. आठवड्याचे काम असे असावे की रविवारी ‘झाले’ किंवा ‘नाही झाले’ एवढेच उत्तर देता यावे. नाही झाले, तर स्वतःला शिव्या घालत बसू नका. काम जास्त ठरवले होते, वेळ कमी पडला की रीत चुकली, ते शोधा आणि पुढचा आठवडा त्याप्रमाणे आखा.

ध्येयाच्या हिशेबात पैशाची बाजूही धरा. शासनाची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्यांसाठी स्वाधार योजना आहे, परदेशी शिक्षणासाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिष्यवृत्ती आहे, पुण्यातच बार्टी ही संस्था आहे. अटी आणि मुदती बदलतात, म्हणून दरवर्षी स्वतः तपासा. पात्र असूनही अनेकांचे अडते ते जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला किंवा आधारशी न जोडलेले बँक खाते यांवर. ही कागदपत्रे निकालाची वाट न पाहता सुट्टीतच तयार ठेवा. खात्यावरील नाव आणि दाखल्यावरील नाव अक्षरशः जुळते का ते पाहा. बँकेच्या खिडकीवर येऊन विचारायला संकोच करू नका. विचारणाऱ्याचे काम आम्ही करतोच.

मंडळाला विनंती

शेवटी मोठ्यांना चार शब्द. वाघोली आता पूर्वीचे गाव राहिलेले नाही. २०२१ साली ती पुणे महानगरपालिकेत आली. नगर रस्त्यावर मोठमोठ्या इमारती उभ्या राहिल्या. त्यांच्या मागच्या वस्त्यांत मात्र अजूनही एका खोलीत सहा माणसे राहतात, आणि त्या खोलीत कोणीतरी दहावीला आहे. प्रत्येक घरात रात्री दोनपर्यंत जागणारे रामजी सुभेदार असतीलच असे नाही. ते काम मंडळाने अंगावर घ्यावे.

माझ्या तीन सूचना आहेत. पहिली, विहाराची खोली रोज संध्याकाळी सात ते अकरा अभ्यासासाठी उघडी असावी आणि त्या वेळेत तिथे बैठक किंवा ध्वनिक्षेपक नसावा. मुली सुरक्षित परत जातील याची जबाबदारी दोन ज्येष्ठांनी घ्यावी. दुसरी, जून ते सप्टेंबर दर रविवारी दोन सुशिक्षित कार्यकर्त्यांनी शिष्यवृत्तीचे अर्ज भरून देण्यास बसावे. मी स्वतः त्यातला एक रविवार माझ्याकडे घेतो. तिसरी, पुढच्या वर्षीच्या सत्कारात जास्त गुण मिळवणाऱ्यांबरोबरच, नापास होऊन पुन्हा बसून उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यांनाही व्यासपीठावर बोलवावे. त्यांनी काय बदलले ते त्यांच्याच तोंडून मुलांनी ऐकावे.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुमच्याकडे माझे एकच मागणे आहे. आज घरी गेल्यावर एक वही घ्या. पहिल्या पानावर मला काय येते ते लिहा. दुसऱ्या पानावर कुठे अडते आणि का अडते ते लिहा. तिसऱ्या पानावर येत्या रविवारपर्यंतचे एक काम लिहा, एकच. पुढच्या रविवारी ती वही घेऊन विहारात या. तिसरे पान कोरे राहिले असले तरी या. तिथूनच आपण पुढे बोलू.